खडूने लिहिलेल्या घरगाड्या

ऋजुता लोहार लहानपणी जितक्या घरांत झोपली, तितक्या घरांत सर्कशीतली माणसंही झोपली नसतील. गंमत म्हणजे त्यातलं एकही घर तिचं नव्हतं, आणि सगळ्या घरांना चाकं होती.

तिचे वडील हिंदुराव लोहार कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत घरगाड्या बांधत. कंपनीकडून नुसता सांगाडा यायचा, म्हणजे चाकं, मोटर आणि बॅटरी. त्यावर हिंदुरावांची माणसं घर उभं करायची. दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, संडास, टपावर सोलर, बाजूला उलगडणारा तंबू. कोरोनाच्या साथीनंतर लोकांना हॉटेलातल्या गादीची धास्ती बसली होती आणि आपलं अंथरूण आपल्याबरोबर न्यायची हौस आली होती. त्या हौसेवर लोहारांची शेड उभी राहिली.

गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आदल्या दिवशी घरच्यांनी ती राहून बघायची, हा तिथला रिवाज. आई नव्या शेगडीवर दूध उतू घालायची. जेवणं झाली की ऋजुताला वरच्या पलंगावर झोपवायचं आणि आप्पांनी पाइप घेऊन टपावर पाणी सोडायचं. पोरीच्या अंगावर थेंब पडला की तिथला सांधा कच्चा. "गळती शोधायचं आमचं मशीन जपानी हाय," असं आप्पा गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे, आणि तेवढ्यात आतून दोन वेण्या विस्कटलेली, झोपाळू डोळ्यांची ऋजुता उतरायची.

पडदे आई शिवायची. कापड गिऱ्हाइकाच्या पसंतीचं, पण आतल्या बाजूची पट्टी मात्र घरातल्या जुन्या कपड्यांची. ऋजुताचे तोकडे झालेले फ्रॉक असे महाराष्ट्रभर हिंडत होते. कुणाला पत्ता नव्हता.

तिच्या चौदाव्या वर्षी एक दिवस आप्पा ऑर्डरचे कागद चाळता चाळता थांबले आणि म्हणाले, "ऋतू, औंदा बाजार बसणार बघ."

"कशावरून?"

"ह्या महिन्यात पाच जणांनी फ्रीज काढून टाकला. गाडी नको म्हणणारा माणूस आधी गाडी नको म्हणत न्हाई. आधी फ्रीज नको म्हणतो. मग तंबू. मग म्हणतो, दिवाळीनंतर बघू. त्येचं त्येला बी ठाऊक नसतंय की त्यो घाबरलाय."

सहा महिन्यांनी बाजार खरंच बसला. इचलकरंजीतले माग थंडावले, शेजारच्या फाउंड्रीने एक पाळी बंद केली. ऋजुताने ते वाक्य डोक्यात ठेवलं आणि त्याच वाक्यावर पुढे डॉक्टरेट मिळवली. प्रबंधात आप्पांचं नाव होतं, फ्रीजचंही होतं.

आता ती छत्तीस वर्षांची होती आणि पुण्याच्या अर्थ-अनुमान केंद्रात 'चाहूल' सांभाळत होती. चाहूल हे तिनेच बांधलेलं यंत्र. त्याचं तत्त्व सोपं होतं. धान्य, औषध, शाळेची फी यांना माणूस शेवटपर्यंत हात लावत नाही, म्हणून त्यांच्या खपावरून मंदी कळते तेव्हा ती अंगणात आलेली असते. घरगाडीचं तसं नाही. तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. घर झालं, मोटार झाली, मुलांचं मार्गी लागलं, की उरल्या हौसेतून आणि लांब मुदतीच्या कर्जातून ती येते. म्हणून घराचा धीर जरासा जरी हलला, तरी सगळ्यात आधी तीच पुढे ढकलली जाते. कारखान्यातल्या ओव्हरटाइमची कपात, जावयाच्या नोकरीची कुणकुण, दुकानातलं तुरळक झालेलं गिऱ्हाईक, असं लाखो घरांतलं न बोललेलं भय तिथे एकत्र साचतं.

चाहूल नुसत्या विकलेल्या गाड्या मोजत नसे. किंमत विचारल्यापासून होकार देईपर्यंत माणसाने किती दिवस घेतले, काय काय वगळलं, वगळलेलं पुन्हा कितीदा उघडून पाहिलं, हे सगळं देशभरच्या नोंदींतून वाचून ते सात महिने आधी मंदीचा इशारा देई. दोनदा दिला होता, दोन्ही वेळा खरा ठरला. त्या इशाऱ्यामुळे हजारो कुटुंबं कर्जाच्या खाईत पडता पडता वाचली. मग सरकारने नियमच केला: चाहूलचा इशारा आला की त्या क्षणापासून बँका आपोआप हात आखडता घेतील. आणि सगळ्यात आधी कुणापासून? ज्यांच्या गाड्यांवरून इशारा मिळाला, त्यांच्यापासून. यंत्र बांधताना ऋजुताने या एका गोष्टीचा विचार केला नव्हता. किंवा केला होता आणि बाजूला ठेवला होता, हे तिचं तिलाच नक्की सांगता आलं नसतं.

यंदाही चाहूलने मंदी सांगितली होती, आणि तो इशारा सोमवारी सकाळी दहाला जाहीर व्हायचा होता. तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अशी तिची लेखी शपथ होती. आणि रविवारी अविधवा नवमी होती. आई आप्पांच्या आधी गेली, म्हणून तिचा म्हाळ पितृपक्षातल्या नवमीला. दरवर्षीप्रमाणे ऋजुता शिरोलीला आली.

पुण्यात 'मी आले' म्हणणारी ऋजुता पंचगंगेचा पूल दिसला की 'मी आलो' म्हणायला लागायची. यंदाही तिने फाटकातूनच आरोळी ठोकली, "आप्पा, आलो मी!"

"ये ये! हात-पाय धुऊन घे. कावळा कवाधरनं वाट बघतोय, त्येला बी तूच पायजेस." आप्पा चौऱ्याहत्तरीचे होते, पण आवाज अजून पत्रा ठोकावा तसा खणखणीत होता.

घर शेडीच्या मागेच होतं. जाता जाता ऋजुताने सवयीने शेडीत नजर टाकली, आणि तिचा पाय तिथेच थबकला.

शेडीच्या मागच्या भिंतीला काळा रंग दिलेला एक लांबलचक पत्रा होता. पितृपक्षात नवी गाडी कुणी ठरवत नाही. पण हौस काही पंधरा दिवस गप्प बसत नाही. तेव्हा ज्याने तोंडी शब्द दिला, त्याचं नाव आप्पा त्या पत्र्यावर खडूने लिहीत. घटस्थापनेला गिऱ्हाइकाने यायचं, नारळ फोडायचा, त्या पाण्याने आपलं नाव आपल्या हाताने पुसायचं, आणि मगच ऑर्डर संगणकात चढायची. कोल्हापूर-सांगलीच्या साऱ्या शेडींत हाच रिवाज होता, आणि देशातली दर सातवी घरगाडी याच पट्ट्यात बांधली जात होती.

दरवर्षी खडूची नावं दहा, फार तर बारा असायची. यंदा पत्रा भरला होता. तिने लांबूनच रांगा मोजल्या. एकतीस!

चाहूलला पितृपक्ष ठाऊक होता, तेवढी घट ते धरूनच चाले. खडू मात्र त्याला ठाऊक नव्हता. माणसं पळाली नव्हती, नुसती थांबली होती! एकतीस घरं घटस्थापनेची वाट पाहत होती, आणि अशीच असतील प्रत्येक शेडीत. यंत्र चुकलं होतं. इतक्या आनंदाने स्वतःच्या यंत्राची चूक कुणी पाहिली नसेल.

म्हाळाच्या पानावर बसूनही ती मनात आकडे जुळवत होती. खीर वाढता वाढता आप्पा तिच्याकडे पाहत होते. वायरिंगचे बाबालालकाका मुजावर, शेडीतले सगळ्यात जुने कारागीर, दरवर्षी वहिनींच्या म्हाळाला न चुकता जेवायला येत. तेही बघत होते.

"काय गं, खीर बिघडली व्हय?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई हो. एक फोन करायचाय, तेवढंच."

"मग कर जा. तुझी आई काय रागवायची न्हाई."

तिने परसात जाऊन केंद्राच्या संचालिका बेहेरे मॅडमना फोन लावला. इशाऱ्यावर दोघींच्या सह्या लागत. ऋजुताने धापा टाकत सगळं सांगितलं. खडू, नारळ, एकतीस नावं.

मॅडमनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "एका शेडीवरून, ऋजुता? आणि तीही तुमच्या वडिलांची?"

"मॅडम, मी या रिवाजात वाढलेय. हे आकडे नोंदीत येतच नाहीत. दसऱ्यापर्यंत थांबू या."

"दसऱ्याला देशभर साठेक हजार घरगाड्या उचलल्या जातात, बहुतेक कर्जावर. आपण थांबलो आणि यंत्र बरोबर असलं, तर ती साठ हजार घरं आपण खड्ड्यात ढकलली असं होईल. तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

"ठीक. तुमच्या शब्दावर थांबवते."

ऋजुताचा जीव भांड्यात पडला. आप्पांची शेड वाचली होती. ती गाणं गुणगुणतच शेडीत गेली, त्या पत्र्याजवळ. तिला ती नावं जवळून वाचायची होती. लहानपणी ती असंच करायची. कोण कुठला, गाडी घेऊन कुठे जाईल, त्यांच्या घरात आपल्याएवढी मुलगी असेल का, आणि असली तर आपण झोपलो त्या पलंगावर ती झोपेल का.

शिरगुप्पे, निपाणी. डॉक्टर मगदूम, जयसिंगपूर. ही नावं ओळखीची वाटली. जुनी गिऱ्हाइकं पुन्हा घेतायत वाटतं, ती मनात म्हणाली. बाईसाहेब इनामदार, फलटण. आणि चौथ्या ओळीत, आप्पांच्या वळणदार अक्षरात: तात्या परुळेकर, वेंगुर्ला.

तात्या परुळेकर जाऊन अकरा वर्षं झाली होती. आई आणि ती दोघी भेटायला गेल्या होत्या वेंगुर्ल्याला. तात्यांनी दोन हजार सव्वीस साली लोहारांकडून गाडी नेली होती, समुद्रासारख्या निळ्या रंगाची. दर मे महिन्यात त्यांची आंब्याची पेटी यायची.

मेलेल्या माणसाने शब्द दिला होता.

तिने झरझर बाकीची नावं वाचली. प्रत्येक जुनं. बहुतेक कामगार तिच्या डोळ्यांसमोर वाढलेले, त्यांची पोटं या शेडीवर. त्यांचा धीर सुटू नये म्हणून आप्पांनी खोटी नावं लिहिली होती. आणि त्या खोट्यावर तिने देशाचा इशारा अडवला होता.

"आप्पा!" ती ओरडली तशी शेडीतली कबुतरं उडाली.

आप्पा आणि बाबालालकाका सुपारी कातरत आले.

"ही नावं कुणाची? तात्या परुळेकर गेले की हो! तुम्ही पोरांना फसवताय?" तिचा आवाज चिरकला. "मला तरी सांगायचं होतं!"

आप्पांनी आधी तिच्याकडे, मग पत्र्याकडे पाहिलं. मग त्यांना कळलं आणि ते स्टूल ओढून बसले.

"अगं वेडे, तात्या गेला. गाडी कुठं गेलीया?"

"म्हणजे?"

"आषाढापासनं ऑर्डरीतनं फ्रीज गळायला लागले," आप्पा म्हणाले. "आठ ऑर्डरी आल्या, आठांनी बी तंबू काढला. तवाच मी बाबालालला म्हणालो, मंदी आली. नव्या गाडीचं नाव औंदा पत्र्यावर चढत न्हाई. मग म्हटलं, नवी घ्यायची ऐपत नसली म्हणजे माणसाची हिंडायची हौस मरती व्हय? त्यो जुनीच काढतो बाहेर. मग एकेकाला फोन लावले. आपण बांधलेली गाडी हाय, आपणच नीट करून देऊ, घेऊन या. एकतीस जणांनी शब्द दिला. शब्द दिला की खडूनं लिवायचं. आपला रिवाजच हाय."

"तात्यांच्या नातीनं दिला शब्द," बाबालालकाका हळूच म्हणाले. "पर ती गाडी आमी तात्यांचीच म्हणतोय. पोरांना बी समदं ठावं हाय. फसवायचं कशाला?"

ऋजुता तिथेच खाली, लोखंडाच्या किसावर बसली. या माणसाच्या एका वाक्यावर तिने यंत्र बांधलं होतं, आणि यंत्राने जे सांगितलं ते या माणसाने तीन महिने आधी फोन फिरवून निस्तरायला घेतलं होतं. चाहूल नव्या गाड्या मोजत होतं. जुन्या गाडीचं पुढे काय होतं, हा रकानाच त्यात नव्हता. आणि खडू वाचायला शिकलेली सबंध केंद्रात ती एकटी. म्हणून चूकही तिनेच केली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती होणंच शक्य नव्हतं.

"आप्पा, मी एक घोटाळा केलाय. तो निस्तरायचा तर उद्या दहा वाजता..."

आप्पांनी हात वर केला. "पुढं बोलू नगंस. तुझी शपथ असंल कायतरी. मी काय इचारलं न्हाई, तू काय सांगितलं न्हाईस. ताटावर खीर तशीच टाकलीस तवाच काय समजायचं ते समजलो."

"तुमच्या शेडीवर संक्रांत येईल हो."

"यील की. मागं बी आली हुती. लाव फोन."

तिने तिथेच बसून फोन लावला. चूक माझी, यंत्र बरोबर आहे, इशारा जाऊ द्या, असं तिने स्वच्छ सांगितलं. पलीकडून मॅडमचा आवाज थंड होता. वडिलांच्या शेडीचा मामला असताना तिने त्यात पडायलाच नको होतं, हे त्या म्हणाल्या आणि ते खरंच होतं. चौकशी होईपर्यंत तिला रजेवर जावं लागणार होतं. ऋजुता "हो मॅडम" म्हणाली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि इतकं रडूही आलं नव्हतं. बाबालालकाकांनी तिच्यासमोर सुपारी धरली, लहानपणी धरायचे तशीच.

सोमवारी दहाला इशारा जाहीर झाला. दहा वाजून एक मिनिटाने आप्पांच्या फोनवर बँकेचा निरोप आला: नव्या सांगाड्यांसाठी मिळणारी उचल बंद. आप्पांनी चष्मा लावून तो वाचला आणि फोन खिशात टाकला. वसाहतीतल्या दोन शेडींना त्या आठवड्यात कुलूप लागलं. तिथली माणसं फाटकाबाहेर घोळका करून उभी राहत, आणि ऋजुताला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नसे. इशारा खरा असला म्हणून तो गोड लागतो असं नाही.

पण दुसरंही काही घडत होतं. दुरुस्तीला नवा सांगाडा लागत नाही, कर्ज लागत नाही. लागतात पत्रा, रबर, वायर आणि जुना हात. आप्पांनी शेजारच्या बंद शेडीतले चार कारागीर आपल्याकडे घेतले.

घटस्थापनेच्या सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. तो आवाज ऋजुताने झोपेतही ओळखला असता. तात्यांनी हौसेने शिंगासारखा दोन सुरांचा हॉर्न बसवून घेतला होता. निळा रंग आता धुतलेल्या लुगड्यासारखा विटला होता, टपाच्या कडेला गंज धरला होता. गाडीतून तात्यांची नात मैथिली उतरली. तिच्या हातात नारळ होता.

"मेल्या मंदीन यंदा लांबच्या सहलीचो बेत मोडलो," ती हसून म्हणाली. "म्हटला, आजोबांचीच गाडी काढूया."

आप्पांनी तिला पत्र्याजवळ नेलं, रिवाज सांगितला. नारळ फुटला. पाण्यात बोटं बुडवून ती त्या नावापुढे उभी राहिली आणि तिथेच अडली.

"आजोबांचा नाव पुसूचा?"

"पुसायचं, पोरी," आप्पा म्हणाले. "पुसलं म्हणजे गाडी पोचली."

तिने सावकाश, एकेक अक्षर पुसलं. मग डोळे टिपून कामाची यादी सांगितली. टाकी, वायरिंग, टपाचे सांधे, शेगडी. "सगळा बदला. पडदे मात्र ऱ्हवांदेत. आमच्या आजयेन ते कधी काढूक दिल्यान नाय."

कामाला सुरुवात करायची म्हणजे आधी गळती शोधायची. आप्पांनी पाइप उचलला आणि ऋजुताकडे पाहिलं. "जा, वर जाऊन पड."

"आप्पा, छत्तीस वर्षांची झालो मी!"

"मशीन जुनं झालंय, ठाऊक हाय. चालतंय का बघू."

ती वरच्या पलंगावर चढली. पाय पुरेनात म्हणून कुशीवर वळली, आणि पडदा चेहऱ्याला लागला. बाहेरून त्याचा रंग उडाला होता. आतली पट्टी उन्हाला कधी दिसलीच नव्हती. पिवळ्यावर तांबडी फुलं, चौथीतला फ्रॉक. आईचे टाके बारीक, एकसारखे, एकही सुटला नव्हता. ऋजुताने ती पट्टी मुठीत घट्ट धरली. आई इथे, या शेगडीपाशी उभी होती, दुधावर डोळा ठेवून. आई आज हवी होती.

टपावर पाणी पडू लागलं. बदाबदा, मग पसरत, मग कडेने ओघळत. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर एक थेंब टपकला. मग दुसरा.

"काय गं?" बाहेरून आप्पांची खणखणीत हाक आली. "गळतंय का?"

तिने तिसरा थेंब येऊ दिला.

"गळतंय, आप्पा," ती मग ओरडली. "पण अजून थोडा वेळ पाणी सोडा."